जुना कॅसेट डेक आणि ऐंशीच्या दशकातले हार्डकोर डेमो: मालवणात अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

पहिल्यांदा मुद्द्याचं सांगतो. जुने हार्डकोर पंक (पंक रॉकचा जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) डेमो (बँडनी नमुना म्हणून भरलेल्या टेप) तुम्ही 'रेकॉर्डिंग घाण आहे' म्हणून अर्ध्यात बंद केले असतील, तर एकदा ते नीट लावलेल्या कॅसेट डेकवर ऐका आणि मग ठरवा. उन्हाळ्यापासून दिवाळी होऊन गेली तोवर जवळजवळ रोज डेक चालवतोय, तोही मालवणात, समुद्राची खारी हवा थेट घरात येते अशा ठिकाणी, आणि माझं मत आता पक्कं झालंय. ज्याला आपण खराब रेकॉर्डिंग म्हणतो ते बऱ्याचदा खराब प्लेबॅक असतं. कुणीतरी कुठल्यातरी थकलेल्या टेपरेकॉर्डरवरनं कॉम्प्युटरवर घेतलेलं, त्याची परत एमपीथ्री केलेली, ती परत कुणीतरी व्हिडिओला चिकटवलेली, आणि आपण ते फोनवर ऐकून बँडला नावं ठेवतो.

डेक आमच्याच घरातला. काका बोटीवर होते, त्यांनी ऐंशीच्या दशकात जपानहून आणलेला, आमच्याकडे अशा वस्तू घराघरात आहेत हे कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण त्या काळातल्या कुठल्याही बऱ्या डेकला हेच सगळं लागू होतं. फक्त जपानी बाजारातला असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका, तिकडे घरची वीज १०० व्होल्टची, आपल्या २३० वर लावलात तर संपलाच. मी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला आणि त्याच्या आधी स्टॅबिलायझर, कारण आमच्याकडे पावसात व्होल्टेज काय नाचतं ते विचारू नका.

बेल्ट अर्थातच गेलेले. रबर इतकं वितळलं होतं की डांबरासारखं पुलीला चिकटून बसलेलं. कुडाळातल्या एका जुन्या मेकॅनिकने ते सगळं खरवडून काढलं, पुली स्पिरिटने साफ केल्या, नवीन बेल्ट टाकले. पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून धरणारं रबरी चाक, कडक झाला होता तोही बदलला. वेग बघायला ३००० हर्ट्झची टेस्ट कॅसेट मिळते, ती लावून फोनवरच्या अ‍ॅपने मोजायचं आणि मोटरच्या मागच्या बारीक स्क्रूने जुळवायचं, कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हवा. हार्डकोरमध्ये हे जास्त जाणवतं असं माझं मत आहे, ४० सेकंदाचं गाणं जरा जरी फास्ट चाललं तरी गायकाचा आवाज पोराटकी वाटायला लागतो आणि ड्रम सगळे टिकटिक.

आता खरी गोष्ट, अझिमथ. बरेच जण इथेच कमी पडतात. हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, त्यात एक बारीक फट असते, ती टेपच्या प्रवासाला बरोबर काटकोनात असायला हवी, जरा तिरकी झाली की वरचा सगळा तीक्ष्ण आवाज मरतो, झांजा जातात, गिटारची धार जाते, उरतो तो गुरगुराट. आणि हाताने कॉपी केलेल्या कॅसेटचा प्रश्न असा की प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली, प्रत्येकाच्या हेडचा कोन वेगळा. म्हणजे तुमचा डेक अगदी कंपनीच्या मापात असला तरी ही कॅसेट त्यावर बहिरीच वाजणार. मी काय करतो, अ‍ॅम्प मोनोवर टाकतो, हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू छोट्या स्क्रूड्रायव्हरने अगदी केसभर फिरवतो आणि झांजेवर कान ठेवतो. एका जागी आवाज अचानक उघडतो. अक्षरशः खिडकी उघडावी तसा. ते झालं की स्क्रूवरनं हात काढा आणि बसून ऐका. पहिल्या दिवशी मूळ जागेवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे विकतच्या छापील कॅसेटसाठी परत तिथे येता येतं.

आणि डॉल्बीचं, म्हणजे टेपचा सू सू आवाज कमी करणारं, बटण बंद. या डेमोंपैकी बरेचसे डॉल्बीशिवायच भरलेले असतात, बटण चालू राहिलं की वर जे काही थोडं उरलंय तेही दाबलं जातं. सू सू आवाज येतो तो येऊदे, दहा मिनिटांत कान तो ऐकायचं सोडून देतात.

कॅसेट कुठनं आल्या, तर मुंबईतल्या एकाने आपला जुना खोका विकायला काढला होता, त्यात ९० मिनिटांच्या कॅसेट, वर बॉलपेनने खरडलेली बँडची नावं, एकेका बाजूला चार चार डेमो. बाकी काही छोट्या लेबलनी (रेकॉर्ड कंपन्यांनी) परत काढलेल्या नव्या कॅसेट मागवल्या, त्यावर पोस्टेज आणि कस्टम मिळून मूळ किमतीपेक्षा जास्त जातं, हे आधीच धरून चला.

पहिला धक्का सीज या बँडने दिला. मॅसॅच्युसेट्समधलं वेमथ नावाचं गाव, तिथली पोरं, १९८४ चा डेमो. इंटरनेटवर मी तो खूप आधी ऐकला होता आणि मला वाटायचं की हा नुसता वेग आहे, ऐतिहासिक महत्त्व वगैरे ठीक, बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडवर यांचा परिणाम झाला, पुढे ग्राइंडकोर हा आणखी टोकाचा प्रकार आला, हे सगळं वाचून माहीत. पण डेकवर स्क्रू जुळल्यावर कळलं की यातला ड्रमर प्रत्येक ठोका मोजून मारतोय. स्नेअर आणि झांज वेगळे ऐकू येतात, बास गिटारच्या खाली न दबता स्वतःची रेघ ओढत चाललाय. हा डेमो बॉस्टनमध्ये रेडिओबीट नावाच्या खऱ्या स्टुडिओत झालेला आहे, म्हणजे 'गॅरेजमध्ये कसातरी केलेला' ही समजूतच चुकीची. आणि शेवटचं गाणं एकदम संथ, लांबलचक, त्यात सॅक्सोफोन. एवढ्या वेगानंतर ते येतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. फाइल ऐकताना ते गाणं मी कायम स्किप करायचो, कॅसेटवर स्किप करणं कटकटीचं म्हणून पूर्ण ऐकलं, आणि आता मला वाटतं त्या गाण्याशिवाय आधीची गाणी अर्धीच राहतात.

त्याच राज्यातला दुसरा बँड डीप वूंड. ड्रमवर जे मॅसिस, गिटारवर लू बार्लो, हे दोघे पुढे डायनासोर ज्युनियरमध्ये गेले म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण त्याआधीची ही शाळकरी वयातली घाई ऐकण्यासारखी आहे. गिटार काय वाजतेय ते ऐकायला इथेही स्क्रू फिरवावा लागला.

वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड लेबल सगळ्यांना माहीत असतं, पण एक गोष्ट परत सांगतो कारण ती सगळ्याच्या मुळाशी आहे. १९८० मध्ये टीन आयडल्स फुटले तेव्हा बँडच्या डब्यात साठलेले थोडे पैसे होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी त्यातून आपलीच सात इंची रेकॉर्ड काढली, आणि तिची कव्हरं घरी बसून कापली, दुमडली, चिकटवली. लेबल असं सुरू झालं. त्या काळातलं त्यांचं बरंच रेकॉर्डिंग डॉन झिएन्टारा यांच्या इनर इअर स्टुडिओत झालं, जो तेव्हा त्यांच्या राहत्या घराच्या तळघरात होता. मायनर थ्रेटचा १९८१ चा पहिला डेमो तिथलाच, तो लेबलने थेट २००३ मध्ये बाहेर काढला. तो मला त्यांच्या नंतरच्या गाजलेल्या रेकॉर्डपेक्षाही जवळचा वाटतो, गाणी तीच पण अजून हातात बसलेली नाहीत, कडा राहिल्यात. आणि बॅड ब्रेन्सचा १९८२ चा अल्बम तर मुळात फक्त कॅसेटवरच आला होता, म्हणजे तो टेपवर ऐकणं हा काही शौक नाही, तो तसाच बाहेर पडला होता.

व्हॉइड राहिलेच. मेरीलँडमधल्या कोलंबियाचे, १९८२ ची रेकॉर्ड, एका बाजूला फेथ आणि दुसऱ्या बाजूला व्हॉइड. माझ्याकडे ती खोक्यातल्या कॅसेटवर कॉपी म्हणून आली. यांची गिटार गाणं सोडून पळतेय असं वाटत राहतं आणि तरी गाणं कोसळत नाही, हे कसं होतं ते मी कितीही वेळा ऐकलं तरी मला कळलेलं नाही आणि म्हणूनच परत लावतो.

या गावांची नावं बघा ना जरा. वेमथ, कोलंबिया, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचे कोरो ज्यांची १९८३ ची एकच सात इंची रेकॉर्ड लोक आजही शोधत फिरतात, स्टॉकहोमजवळच्या टेबीचे मॉब ४७, आणि ज्यांच्या ड्रमच्या ठोक्यावर अर्धं जग चाललं ते डिस्चार्ज तर स्टोक-ऑन-ट्रेंटचे, चिनीमातीच्या भांड्यांचं शहर. न्यूयॉर्क लंडन होतंच, पण ही पोरं वाट बघत बसली नाहीत. आम्ही इकडे 'मुंबईत असतो तर' म्हणत अर्धं आयुष्य काढतो त्याला हे फार सरळ उत्तर आहे.

अमेरिकेबाहेरचं तर अजून जीव लावून ऐकावं असं. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट १९८५ पर्यंत होती, आणि १९८२ मध्येच साओ पावलोच्या ओल्यो सेको, इनोसेंतेस, कॉलेरा यांची एकत्र रेकॉर्ड निघाली, 'ग्रितो सुबुर्बानो'. आवाज खरखरीत आहे, तो डेकनेही फार सुधारत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, आणि तरी सगळ्यात जास्त वाजते ती हीच. पोलंडच्या देझेर्तेरची १९८३ ची सात इंची तर सरकारी कंपनी तोनप्रेसने काढली होती, मार्शल लॉ नुकताच उठलेला असताना. आणि टोकियोचे गॉझ, १९८१ मध्ये सुरू झाले आणि २०२२ पर्यंत वाजवत राहिले, एवढी वर्षं आवाज मऊ न करता.

या सगळ्यांना जोडणारी गोष्ट पोस्ट. मॅक्सिमम रॉकनरोल हे मासिक १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं, त्यात गावोगावच्या लोकांनी लिहिलेले अहवाल यायचे, पत्ते यायचे, मग लोक एकमेकांना कॅसेट पाठवायचे, तिकिटांवर गोंदाचा थर द्यायचे म्हणजे शिक्का धुऊन तेच तिकीट परत वापरता येईल. आपल्याकडे डबलबारीच्या (दोन बुवांच्या सामन्याच्या) भजनाच्या कॅसेट अशाच फिरायच्या, कुणीतरी माईकच्या पायाशी टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली बारी वाडीवाडीत कॉपी होत जायची, आणि तिसऱ्या कॉपीतही बुवांनी मारलेला टोला बरोबर कळायचा. शेजारचे आबा अशा बाऱ्यांना पखवाज वाजवायचे, त्यांना सीज ऐकवला. ते शेवटपर्यंत बसले, बोटं मांडीवर चालू, आणि म्हणाले, "हेका दम लागना नाय काय रे? पण सम सोडूक नाय हां मेल्यान." ड्रमिंगबद्दल याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आता पावसाळा. इकडच्या लोकांनी हा भाग नीट वाचा. जून ते सप्टेंबर बुरशी हाच शत्रू. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून कोरड्या मऊ कपड्याने हळूहळू पुसत गुंडाळता येते, काम बाहेर व्हरांड्यात आणि तोंडाला मास्क लावून. मी सगळ्या कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवल्या, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक स्वस्तातला आर्द्रता मीटर. रंग बदलणारं सिलिका घ्या, ओलं झालं की कळतं, मग कढईत मंद आचेवर कोरडं करून परत वापरायचं. ऐन श्रावणात हे काम सारखंसारखं करावं लागतं.

खाऱ्या हवेने डेकच्या मागच्या, आवाजाच्या वायरींच्या आरसीए पिना हिरव्या पडतात, एका बाजूचा आवाज जातो आणि आपल्याला वाटतं हेड गेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना फिरवून बसवा, येतो. हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा बारीक दांडा) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करा, जुन्या टेपची तपकिरी पूड फार सुटते. पिंच रोलरच्या रबराला मी साबणाचं पाणीच लावतो. डेक वापरात नसला तरी पावसात रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. लाईट गेली की मात्र टेप रोलरमध्ये दाबलेली राहते, तेव्हा ताबडतोब स्टॉपचं बटण हाताने दाबून सोडवायची, नाहीतर रोलरला वळ पडतो आणि मग प्रत्येक फेरीला आवाज लडखडतो.

वाईट बाजू आहेतच. सुटे भाग मिळत नाहीत, मेकॅनिक म्हातारे झालेत, आणि फक्त गाणी ऐकायची असतील तर एवढा व्याप करू नका, बऱ्याच लेबलनी मूळ टेपवरनं चांगल्या फाइल काढल्यात त्या विकत घ्या, पैसे बँडकडे जातात. फक्त घेताना बघा की आवाज फुगवलेला नाही ना. काही नव्या आवृत्त्यांमध्ये सगळं एकाच उंचीवर आणून ठेवतात आणि मग ड्रमचा ठोका भिंतीत बसल्यासारखा वाटतो, त्यापेक्षा खोक्यातली दुसरी कॉपी बरी.

सुरुवात करायची असेल तर ६० मिनिटांच्या साध्या फेरिक कॅसेटपासून करा, ९० चालतील, १२० ची अजिबात नको, तिची टेप इतकी पातळ असते की जुना डेक ती हमखास खातो. आणि जुनी कॅसेट घेताना आतला फेल्टचा छोटा पॅड जागेवर आहे का बघा, गोंद वाळून तो पडलेला असतो, पॅड नसेल तर टेप हेडला टेकतच नाही आणि मग कितीही स्क्रू फिरवा. दुसऱ्या एखाद्या फालतू कॅसेटचा पॅड काढून लावता येतो, मी भरपूर लावलेत, चिमटा आणि थोडा फेव्हिकॉल पुरतो.