बाईकवाल्याचं पहिलं वेल्डिंग मशीन: आर्क घ्यावं की सीओटू?

भोरहून महाडकडे वरंधा घाट उतरताना मागून खणखण आवाज यायला लागला. वाटलं, नंबरप्लेट सुटली. थांबून बघतो तर सामानाचं कॅरिअर डाव्या बाजूने लोंबतंय. सुतळीने आवळून महाड गाठलं. घरी आल्यावर तुटलेला जोड उजेडात धरला आणि चक्रावलोच. वेल्डिंग वरून असं देखणं की नाणी ओळीने रचल्यासारखं. पण ते जिथून सुटलं होतं, तिथे पट्टीवर ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे! म्हणजे वरची तार वितळून नुसती टेकली होती, खालची पट्टी वितळलीच नव्हती.

ते काम सीओटूवर केलेलं होतं. सीओटू म्हणजे मिग मशीन: आपोआप पुढे येणारी तार वितळवून जोडणारं, आणि वितळलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून त्यावर गॅस सोडणारं. आपल्याकडच्या कारागिरांत त्याला सीओटूच म्हणतात, सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड असतो म्हणून. त्या जोडामुळेच मी घरी वेल्डिंग शिकलो. आधी आर्क घेतलं, म्हणजे हातात धरलेला रॉड वितळवून जोडायचं मशीन, काही वर्षांनी मिग. आता कुणी बाईकवेडा 'पार्किंगच्या कोपऱ्यात छोटं वर्कशॉप टाकतोय, पहिलं मशीन कुठलं घेऊ' असं विचारतो, तेव्हा माझं उत्तर त्या ओरखड्यांपासूनच सुरू होतं.

शिकायला मिग सोपं, हे खरं. बंदुकीसारखी टॉर्च, ट्रिगर दाबला की तार आपोआप येते, गॅस आपोआप सुटतो, स्लॅग, म्हणजे जोडावर बसणारी मळीची खपली, ठोकत बसावं लागत नाही. पहिल्याच दुपारी चारचौघांना दाखवावं असं काम होतं. आर्कमध्ये पहिला आठवडा रॉड चिकटण्यातच जातो. हात थरथरतो, रॉड संपत जातो तसं अंतर बदलतं, काचेआड काही दिसत नाही, आणि शेवटी जे उरतं ते कबुतराच्या विष्ठेसारखं असतं.

पण बाईकच्या कामाला मला आर्कचा हाच गुण वाटतो. चुकलं की ते तोंडावर सांगतं. करंट कमी पडला तर रॉड चिकटेल नाहीतर जोड फुगून वर बसेल. जास्त झाला तर भोक पडेल. मिग कमी व्होल्टेजवरही सुरेख रेघ ओढून देतं. ४-५ मिमीच्या पट्टीवर घरगुती मिग मंद लावलं, तर रेघ छान आणि आत काही नाही, असं सहज होतं. फाटकाला ते चालून जाईल. पण कॅरिअरला इंजिनची थरथर आणि खड्ड्यांचे दणके तासन्‌तास बसतात, आणि अर्धवट धरलेला जोड थरथरीनेच जातो. आर्कमध्येही आत स्लॅग अडकतो, मी काही त्याला देव मानत नाही. तरी नवशिक्याला फसवण्यात मिग पुढे आहे.

कुठलंही मशीन घ्या, ही परीक्षा मात्र करा. ३ मिमी पट्टीचे दोन तुकडे इंग्रजी टी आकारात एकाच बाजूने जोडा. आडवी पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडा आणि उभ्या तुकड्यावर वेल्डिंग नसलेल्या बाजूने हातोडी मारा, म्हणजे तो वेल्डिंगवर दुमडेल आणि जोड मुळाशी उघडेल. पट्टी वाकली आणि जोड टिकला तर उत्तम. जोड सोलून निघाला आणि खाली पत्रा स्वच्छ दिसला, तर ते वेल्डिंग नव्हतं, चिकटवणं होतं. माझे मिगवरचे पहिले सहा तुकडे असेच सोलून निघाले.

आता मिग निर्विवाद कुठे जिंकतं ते सांगतो: पातळ पत्र्यावर. सायलेन्सरचा पत्रा, मडगार्ड, बाजूची पेटी, म्हणजे १ मिमीच्या आसपासचा माल. तिथे आर्क लावलं की भोक, ते भरायला गेलं की मोठं भोक. ०.८ मिमी तारेने टिपके टिपके देत मिग हे काम आरामात करतं. १.६ मिमीचा, म्हणजे १६ गेजचा पाईप दोघांच्या सीमेवर येतो. कॅरिअरला बहुतेक हाच लागतो. त्यावर १२ नंबरचा, म्हणजे २.५ मिमीचा, ६०१३ प्रकारचा रॉड ६०-६५ अँपिअरवर जमतो. २ मिमीचा रॉड मिळाला तर आणखी बरं. तुमचा मुख्य उद्योग जुन्या गाड्यांचे सडलेले पत्रे जोडणं हा असेल, तर पुढचं वाचू नका, मिग घ्या.

विजेचं गणित मात्र दोघांनाही लागू. मशीनवर '२०० अँपिअर' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ड्युटी सायकल बघा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. घरच्या १६ अँपिअरच्या प्लगवर ८० अँपिअरचं आर्क चालवलं तर स्वस्तातला इन्व्हर्टर (घरच्या बॅटरीचा नव्हे, हलकं इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन) साधारण १४ अँपिअर ओढतो, ते जमतं. १० नंबरचा रॉड लावून १२० वर गेलात की आकडा वीस ओलांडतो आणि थोड्याच वेळात एमसीबी पडतो. लांबलचक बारीक एक्स्टेन्शन लावलं तर व्होल्टेज पडून रॉड चिकटायला लागतो, आणि आपण उगाच हाताला दोष देतो.

मिगचा खरा खर्च सिलिंडरमध्ये. मशीनच आर्कच्या दुप्पट-अडीचपट, वर सिलिंडर, वर रेग्युलेटर. १ किलो सीओटूचा साधारण ५४० लिटर गॅस होतो. मिनिटाला १० लिटर सोडला तर किलोला ५४ मिनिटं. घरच्या कामाला ५ किलो बरेच महिने पुरतो. पण सिलिंडर भरून कुठे मिळतो, तुमच्या शहरात ते किती लांब, हे मशीनच्या आधी शोधा. शिवाय वारा. पार्किंग उघडं असेल तर झुळूक आली की गॅस उडतो आणि जोडाला रव्यासारखी छिद्रं पडतात. बिनगॅसची, आत फ्लक्स (जळताना जोडाला हवेपासून वाचवणारी पूड) भरलेली तार मिळते, तिला वाऱ्याचं भय नाही. पण धूर भरपूर, स्लॅग आहेच आणि तार महाग. ती वापरताना मशीनची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करायला विसरलात, तर सगळीकडे शितोडे उडतील.

पावसाळ्यात दोघांचेही हाल. रॉड सादळतात, तारेच्या रिळावर गंज चढतो. रॉडचा पुडा हवाबंद डब्यात, रीळ पिशवीत, एवढं केलं तरी बरंच निभतं.

बाईकवाल्यांसाठी काही खास गोष्टी. ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर लगेच वेल्डिंग करू नका. त्यातल्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असतात आणि आर्कजवळ त्यांचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. जीआय पाईपवरचं जस्त घासून काढा. त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर गूळ खा, दूध प्या असं कारागीर सांगतात. गूळ खायला माझी हरकत नाही, पण उपाय म्हणजे मास्क आणि मोकळी हवा. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची तार काढा आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या शेजारीच लावा, मधे बेअरिंग येता कामा नये. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही सोडवा. पेट्रोलची टाकी, चॅसी आणि स्विंगआर्म यांना घरी हात लावायचा नाही. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनंही आहेत.

तर माझं मत: कॅरिअर, स्टँड, ब्रॅकेट, बेंच हे करायचं असेल तर आधी साधं इन्व्हर्टर आर्क. वाचलेल्या पैशांत चांगलं ऑटो डार्कनिंग (आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं) हेल्मेट, ४ इंची ग्राइंडर आणि जड शेगडा. पुण्यात असाल तर शेगडा बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघा. तिथे घेतलेला माझा शेगडा माझ्याहून वयाने मोठा आहे आणि त्याचा आटा अजून ढिला नाही. दोन-तीन वर्षांनी पत्र्याचं काम वाढलंच, तर मिग घ्या. तोवर वितळलेला जोड कसा दिसतो हे डोळ्याला कळलेलं असेल.

आणि दुकानात जायच्या आधी विजेचं बिल काढून 'मंजूर भार', म्हणजे वीज कंपनीने घराला किती भार मंजूर केलाय, हा रकाना बघा. माझ्याकडे तो १ किलोवॅट निघाला, मशीनला न पुरणारा. मशीन घरी आणलं, ते पंधरा दिवस खोक्यातच पडून राहिलं.