वॉम्बॅट: वंशावळीतून हेरिटेबिलिटी काढणारं सॉफ्टवेअर

मेंढ्यांच्या पैदाशीच्या नोंदींवर मी काम करतो. कोकरू आईपासून तोडतानाच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकांचा (म्हणजेच हेरिटेबिलिटी), हे काढायला मी वॉम्बॅट वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठात कॅरिन मायर यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. बटणं दाबायची सोय त्यात नाही. वंशावळ कुठे, नोंदी कुठे, कोणते परिणाम फिक्स्ड (वर्ष, नर-मादी असे ठरलेल्या गटांचे) आणि कोणते रँडम (जनावरागणिक बदलणारे), हे एका साध्या फाइलीत लिहायचं आणि कमांड द्यायची.

एकाच बापाच्या पण वेगळ्या आयांच्या भावंडांवरून बापाचा व्हेरियन्स (बापागणिक पडणाऱ्या फरकाचं माप) काढायचा, चौपट करायचा, एकूण व्हेरियन्सने भागायचा, ही जुनी पद्धत नीट आखलेल्या प्रयोगात चालते. खऱ्या कळपात एका मेंढ्याची कोकरं ढीगभर, दुसऱ्याची दोन-तीन, वर दरवर्षी निवड झालेली. तिथे अख्खी वंशावळ धरणारं अॅनिमल मॉडेल आणि व्हेरियन्सचे वाटे अंदाजण्याची पॅटरसन-थॉम्पसन यांची 1971 ची रेमल (REML) पद्धतच हवी. वॉम्बॅट तेच करतं.

त्याची खरी किंमत कळते ती आईचा परिणाम मांडताना. कोकराच्या वजनात आईचं दूधही असतं. मी मुद्दाम आधी फक्त कोकराची जनुकं धरून मॉडेल चालवलं, मग आईची जनुकं आणि आईचा कायमचा पर्यावरणीय परिणाम घातला. हेरिटेबिलिटी जवळपास निम्म्यावर आली आणि लॉग-लाइकलिहूड, म्हणजे मॉडेल नोंदींना किती नीट बसतं याचं माप, चांगलंच वाढलं. निवडीचा फायदा म्हणजे निवडलेल्यांची कळपाच्या सरासरीवरची आघाडी गुणिले हेरिटेबिलिटी. म्हणजे पहिला आकडा धरला असता, तर पुढच्या पिढीत दुप्पट वाढ होईल असं मेंढपाळांना सांगितलं गेलं असतं. नुसता आकडा पाठ करून 'हा गुण इतका आनुवंशिक' म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे तो यासाठीच: आकडा त्या कळपाचा आणि त्या मॉडेलचा असतो.

निकालाच्या फाइलीत हेरिटेबिलिटीसारख्या प्रत्येक गुणोत्तराशेजारी स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) छापून येतो, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आयांच्या स्वतःच्या वजनाच्या नोंदी नसतील, तर आईचा वाटा वेगळा पडत नाही आणि एरर फुगलेला समोर दिसतो.

जनावरांना पूर्णांकच क्रमांक लागतात आणि आईबापाचा क्रमांक पिलापेक्षा लहान हवा. किचकट वाटतं, पण क्रमांक लावतानाच पिलापेक्षा धाकटी 'आई' पकडली जाते.

पिकांच्या चाचण्यांत शेतातल्या ओळी-स्तंभांचा चढउतार मॉडेलमध्ये घ्यायचा असेल, तर एएसरेमल (ASReml) हे दुसरं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं. जनावरांच्या वंशावळीसाठी मात्र मी बेधडक वॉम्बॅट सुचवेन. हेरिटेबिलिटीकडे जाण्याआधी त्यातली 'सममॉडेल' (SumModel) ही नोंदींचा गोषवारा देणारी फाइल उघडा आणि नोंदींची संख्या व सरासरी आपल्या वहीशी ताडून पाहा.