साडेतीन हजारांचा खोका आणि जेनवेचा अंबाडा

नागपुरात सदरला एक कुटुंब घर रिकामं करून बंगलोरला चाललं होतं. सोफा, कुंड्या, शिलाई मशीन, सगळं अंगणात मांडलेलं. मी गेले होते कूलर बघायला. त्याची टाकी गळकी निघाली, पण शेजारीच एका खोक्यात ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन अंतराळ मालिकेचे सातही सीझन, डीव्हीडीवर, पडून होते. ते पाच हजार म्हणाले, मी तीन म्हटलं, साडेतीनला जमलं. ४४ अंशांत घासाघीस फार लांबत नाही. कूलरऐवजी हे खोकं घेऊन घरी आले तेव्हा आमच्याकडे जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आधी वस्तूबद्दल, कारण घेणाऱ्याला तेच हवं असतं. संच अमेरिकेतला, म्हणजे रिजन १ चा (डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालेल तो क्रमांक). आपल्याकडचे प्लेअर रिजन ५ चे. डिस्क घातली की पडद्यावर ‘चुकीचा रिजन’ एवढं एकच वाक्य यायचं. बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे सगळे रिजन चालणारा जुना प्लेअर मिळाला, बाराशे रुपयांना. म्हणजे संच पडला ४,७०० ला. हे पैसे खरेदीच्या वेळीच धरा. सबटायटल्स आहेत, आणि ती लागतातच, कारण आमचा जुना कूलर सुरू असला की अंतराळातली लढाई काय आणि डोहाळजेवण काय, सगळं सारखंच ऐकू येतं.

चित्र मऊ आहे. ४३ इंची टीव्हीवर कॅप्टनच्या चेहऱ्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ही डिस्कची खोड नाही. त्या काळात चित्रण फिल्मवर व्हायचं, पण संकलन आणि इफेक्ट व्हिडिओ टेपवर. स्टार ट्रेकच्याच आधीच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेची मूळ फिल्म काढून २०१२ पासून ती नव्याने जोडली, म्हणून ती आज लख्ख दिसते. ‘व्हॉयेजर’वर तेवढा खर्च कोणी केलेला नाही. त्यामुळे फुल एचडीची अपेक्षा ठेवून कोणी घेऊ नये. मी एक तारा इथेच कापला.

आता प्रेक्षक. रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पाच जण जमतात : मी, माझी जाऊ, माझा भाचा, त्याची एक मैत्रीण आणि खालच्या मजल्यावरचे काका, पोस्टातून निवृत्त झालेले. काकांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, म्हणून भाचा नागपुरी धावतं समालोचन करतो. “कॅप्टन म्हणून राहिली का, शील्ड खाली गेली, आता पळा.” मालिकेत आहे त्यापेक्षा हे पुष्कळदा बरं असतं.

मी वीज कंपनीत. १९९४ साली लागले, निवृत्तीला चार वर्षं आहेत. उपकेंद्रात काम केलेल्या माणसाला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. दर तासाचा लोड, कोणता फीडर (वीजवाहिनी) किती वाजता ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, किती वाजता चार्ज केला, सगळं लॉगबुकात. तर पहिल्या रविवारी मी सहज एक वही काढली आणि रकाने पाडले : भाग, कोण बोललं, कशावर बोललं. निव्वळ गंमत म्हणून.

पहिला भाग १६ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेत दाखवला गेला होता. त्यात कॅप्टन कॅथरिन जेनवेचं ‘व्हॉयेजर’ हे अंतराळजहाज ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. परत जायचं एकच साधन हाताशी असतं आणि दुसऱ्या एका जमातीचा जीव वाचावा म्हणून ती ते स्वतः उडवून देते. आता घरी पोचायला ७५ वर्षं. वहीत त्या संध्याकाळच्या नोंदी अशा : अंबाडा ३, आवाज २, “घरी कोणी नाही का तिला” १ (जाऊबाई). दीडशे माणसांना कायमचं परक्या मुलखात अडकवलं, त्यावर शून्य.

जावेच्या प्रश्नाचं उत्तर मालिकेतच आहे. जेनवेला घरी मार्क नावाचा होणारा नवरा आहे आणि गाभण कुत्री आहे. पुढचे कित्येक रविवार जाऊबाईंनी मार्कची चौकशी सोडली नाही. चौथ्या सीझनमध्ये पत्र येतं की त्याने दुसरीशी लग्न केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काय करेल तो बिचारा!” ‘नेक्स्ट जनरेशन’चा कॅप्टन पिकार्ड, त्याच्या मागे घरी कोण आहे, हे आमच्याकडे कधी कोणी विचारलं नव्हतं.

केसांची काळजी आमच्या हॉलपुरती नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. ही भूमिका आधी जेनेव्हिएव्ह बुजोल्डला दिली होती. ती एक-दोन दिवसांतच सोडून गेली आणि केट मलग्रू आली. मग स्टुडिओला मलग्रूचे केस पसंत पडेनात, म्हणून पायलटमधले, म्हणजे पहिल्या भागातले, प्रसंग पुन्हा चित्रित झाले. अंबाडा, सैल केस, शेपटी, आखूड बॉब. सात सीझनमध्ये सगळं करून झालं. भाच्याचं म्हणणं, पिकार्डचं काम करणाऱ्या, टक्कल असलेल्या पॅट्रिक स्टुअर्टलाही निवडीच्या वेळी विग घालून बघितलं होतं. खरं आहे. पण त्याचा प्रश्न एका दुपारी मिटला. हिचा मिटायला मालिका संपावी लागली.

खरी वादावादी झाली ‘ट्यूविक्स’वर. दुसऱ्या सीझनचा, १९९६ चा भाग. ट्रान्सपोर्टरच्या (माणसं क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या) अपघातात जहाजावरचे टुवॉक आणि नीलिक्स हे दोघं मिळून ट्यूविक्स नावाचा एकच नवा माणूस तयार होतो. तो शहाणा आहे, प्रेमळ आहे, स्वयंपाकही बरा करतो. काही आठवड्यांनी दोघांना पुन्हा वेगळं करायचा उपाय सापडतो आणि हा म्हणतो, मला जगायचंय. तो ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षात, एकेकाकडे बघत विनवतो, कोणी नजर मिळवत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी आमची डिस्क अडकली. ट्यूविक्सचं तोंड उघडं, पडदा चौकटी-चौकटींचा.

पुढची चाळीस मिनिटं कोणी डिस्क काढली नाही. भाचा उभाच राहिला. “ही बाई खुनी आहे मावशी. सरळ खुनी. जगभरचे फॅन हेच म्हणतात.” मी म्हटलं, अजून तिने केलं कुठे काही, डिस्क तर अडकलीये. “करते ना ती!” (त्याने आधीच बघितलं होतं.) मग मी त्याला ‘डीप स्पेस नाइन’ या आणखी एका स्टार ट्रेक मालिकेतल्या कॅप्टन सिस्कोची आठवण दिली. १९९८ चा भाग. युद्धात रोम्युलन हे परग्रहवासी आपल्या बाजूने यावेत म्हणून सिस्को खोटा पुरावा बनवून घेतो. त्या भानगडीत एका सिनेटरचा आणि ज्याच्याकडून पुरावा बनवला त्याचा जीव जातो, आणि शेवटी कॅप्टन कॅमेऱ्यात बघून सांगतो की याच्यासह मी जगू शकतो. तो भाग भाच्याच्या पहिल्या पाचांत आहे. का, तर “लै डीप आहे. ग्रे आहे ना कॅरेक्टर.”

“आणि जेनवे?”

“ती इन्कन्सिस्टंट आहे. आज एक, उद्या दुसरंच.”

ट्यूविक्सचं ती करते ते बरोबर की चूक, यावर मी आजही दोन्ही बाजूंनी भांडू शकते. पण ‘ग्रे’ आणि ‘इन्कन्सिस्टंट’ हे शब्द ऐकून मला एकदम आमचं उपकेंद्र आठवलं. इतरांच्या शिफ्टला ११ केव्हीचा फीडर ट्रिप झाला की रजिस्टरमध्ये यायचं : झाडाची फांदी, इन्सुलेटर फुटला, खार. माझ्या शिफ्टला झाला की शेरा असायचा, तोंडीच : “मॅडमची शिफ्ट होती.” फांदी तीच, खारही बहुधा तीच. सिस्कोने केलं ते त्या एका भागात केलं. जेनवेने केलं ते मागच्या-पुढच्या सगळ्या भागांना चिकटलं, आणि शेवटी तिच्या स्वभावाच्या खात्यावर जमा झालं.

एकदा हे दिसायला लागलं की जुन्या आठवणीही नव्याने बघाव्या लागतात. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या सीझनला डॉ. पुलास्की आली होती, डायना मुल्डॉर. यंत्रमानव डेटाला ती टोचून बोलते, त्याचं नावही चुकीचं उच्चारते. फॅन लोकांना ती इतकी डाचली की आजही नाव काढलं की तोंडं वाकडी होतात. एका सीझननंतर ती गेलीच, आधीची डॉक्टर परत आली. आता मूळ स्टार ट्रेक मालिकेतला डॉ. मॅकॉय अर्ध्या परग्रहवासी स्पॉकला काय काय बोलायचा ते आठवा. हिरव्या रक्तावरून, कानांवरून, भावना नसण्यावरून. तो सगळ्यांचा लाडका, तोंडाने फटकळ पण मनाने सोन्यासारखा. स्पॉक उलट उत्तर द्यायचा आणि डेटा लहान मुलासारखा निरागस आहे, हा फरक मला मान्य आहे. तरी हिशेब पूर्ण जुळत नाही.

बायकाच बायकांच्या वैरी, असं यावर काकांचं मत पडलं. जावेकडे बघून. हे वाक्यही जुनंच. स्टार ट्रेकच्या अगदी पहिल्या पायलटमध्ये जहाजावरची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती, मॅजेल बॅरेट. वाहिनीने तो पायलट नाकारला आणि १९६६ ला मालिका आली तेव्हा ते पात्र गायब. निर्माता जीन रॉडनबेरी नंतर सांगायचा, चाचणीच्या खेळाला आलेल्या बायकांनाच ती आवडली नाही. त्याच्याच निर्मितीतले लोक वेगळं सांगतात : वाहिनीचा आक्षेप बाई अधिकारी असण्याला नव्हता, त्या भूमिकेला निवडलेल्या नटीला होता. म्हणजे बायकांचं नाव नाहक पुढे केलं असावं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “असू शकते,” आणि चहा मागितला. बॅरेटबाई पुढे नर्स झाल्या आणि जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाजही. हुकूम देणारी गेली, विचारलं तेवढंच सांगणारी राहिली.

आता माझी नोंद. वहीत ती आहे, त्यामुळे लपवता येणार नाही. १९९७ ला, चौथ्या सीझनच्या सुरुवातीला, सेव्हन ऑफ नाइन येते, जेरी रायन. प्रेक्षक वाढवायला आणलेलं पात्र, हे उघड आहे. अंगाला चिकटलेला चंदेरी सूट बघितल्यावर कोणी समजवायची गरज नाही. तिच्यासाठी जागा करायची म्हणून ‘केस’ नावाची शांत, गुणी मुलगी मालिकेतून गेली, याचाही मला राग होता. मी म्हटलं, “हे बाहुलं मला नाही बघायचं, पुढे ढकल.”

भाच्याची मैत्रीण एरवी फारसं बोलत नाही. ती म्हणाली, “काकू, ते कपडे तिनं शिवले का?”

मी गप्प. १९९४ ला मी पहिल्यांदा लाईनवर गेले तेव्हा सलवार-कमीजवर सेफ्टी बेल्ट बांधला होता आणि खाली उभे असलेले लाईनमन नेमकं काय बघत होते, कशावर हसत होते, ते मला चांगलं आठवतं. पोलवर मी काय काम केलं, ते त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. वहीत मी माझंच नाव लिहिलं, कशावर या रकान्यात ‘कपडे’, आणि भाग पहिल्यापासून लावायला सांगितला.

बरं झालं. सहा वर्षांची असताना बोर्ग या अर्ध्या यंत्र, अर्ध्या जीव अशा जमातीने ओढून नेलेली मुलगी, जिला ‘मी’ म्हणायची सवय नाही, ती जेनवेशी वाद घालत घालत माणूस होते. चौथ्या सीझनपासून या दोघींची जी भांडणं आहेत, आज्ञा पाळायची की नाही, एकाच्या जिवासाठी किती जण पणाला लावायचे, त्यात प्रेमप्रकरणाचा लवलेश नाही. या संचात मला सगळ्यात आवडलेलं तेच आहे. ज्यांना एवढ्यासाठी पूर्ण संच नको त्यांनी चौथा सीझन सुटा मिळतो का बघावं. पहिल्यातले काही भाग सपक आहेत, काझोन नावाचे शत्रू तर केसांत काटक्या अडकलेल्या रिकामटेकड्या पोट्ट्यांसारखे वाटतात.

वहीत कौतुकाचा रकानाच नव्हता, काकांनी तो पाडायला लावला. जेनवे कॉफीवाचून राहू शकत नाही, आणि एका भागात तेजोमेघाकडे बघून म्हणते की तिथे कॉफी आहे. काका चहावाले, तरी खूश. भाच्याने लगेच भर घातली : २०१५ मध्ये सामंथा क्रिस्टोफोरेट्टी ही इटालियन अंतराळवीर अवकाश स्थानकावर ‘व्हॉयेजर’चा गणवेश घालून बसली आणि तो फोटो टाकून हेच वाक्य तिने ट्विट केलं. स्थानकाकडे कॉफीचं यंत्र घेऊन यान येत होतं. काका म्हणाले, “मंग! ही बाई कामाची आहे म्हणून मी आधीच म्हटलं होतं.” त्यांनी असं काही म्हटल्याची नोंद वहीत नाही.

अडकलेली डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली, गोल नाही, गोल पुसलं की चरे वाढतात. पुढच्या रविवारी ‘ट्यूविक्स’ पूर्ण झाला. डॉक्टर नकार देतो, माझ्या रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध मी इजा करणार नाही म्हणतो. मग जेनवे स्वतःच्या हाताने बटणं दाबते. दोघं परत येतात आणि ती एकटी बाहेर पडते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर राहतो आणि संगीताशिवाय काहीच नाही. भाचा पुन्हा ‘खुनी’ म्हणेल असं वाटलं होतं, पण तो प्लेअरकडे बघत बसला. जाऊबाई म्हणाल्या, “त्या दोघांना सगळे भेटले. हिला कोणी विचारलं का, जेवलीस का म्हणून?”

रकाना कोणता लावायचा ते न कळल्यामुळे मी ते वाक्य तसंच, आडवं लिहून ठेवलं.

तर पाचपैकी साडेतीन. एक तारा चित्राचा गेला, अर्धा अडकणाऱ्या डिस्कचा. रिजनचं आधी विचारा, दुसऱ्या सीझनच्या डिस्क उजेडात धरून बघा आणि बघायला एकटे बसू नका. आम्ही सध्या पाचव्या सीझनवर आहोत. संच विकायचा नाही, दोघांनी विचारून झालं आहे. कूलर मात्र अजून घ्यायचाच आहे. कोणी घर रिकामं करत असेल तर कळवा, टाकी न गळणारा हवा.