दरमहा प्रोजेक्ट ऑडिट: नऊ महिने वापरून झाल्यावर

गोव्यातल्या फोंड्यात एका मध्यम आकाराच्या बांधकाम ठेकेदाराकडे मी प्लॅनिंग आणि बिलिंग बघते. गेल्या ऑक्टोबरपासून फोंडा, म्हापसा आणि डिचोली या आमच्या तिन्ही साइटवर दर महिन्याला प्रोजेक्ट ऑडिट करतो, म्हणजे वेळापत्रक, खर्च आणि रजिस्टर प्रत्यक्ष कामाशी ताडून बघतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घेतलं नाही. लिब्रेऑफिस कॅल्क या फुकट स्प्रेडशीटमध्ये चार पानं केली: मूळ वेळापत्रक, मोजमाप, खर्च आणि त्रुटींची यादी. जूनअखेर नऊ फेऱ्या झाल्या. इतर ठेकेदारांकडचे इंजिनिअर सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठा फायदा पैशांच्या बाजूने झाला. फोंड्याच्या कामाचं बजेट १ कोटी ८० लाख. जानेवारीअखेर वेळापत्रकाप्रमाणे ७२ लाखांचं काम व्हायला हवं होतं आणि खर्च झाला होता ६८ लाख. शेठ खूश होते, चार लाख वाचले म्हणून. पण प्रत्यक्ष मोजलेलं काम निघालं ६१ लाख २० हजारांचं. म्हणजे वेळेच्या हिशेबात (झालेलं काम भागिले ठरलेलं काम) ०.८५ आणि खर्चाच्या हिशेबात (झालेलं काम भागिले झालेला खर्च) ०.९०. १ च्या खाली म्हणजे मागे. याच गतीने गेलो तर १ कोटी ८० लाखांचं काम २ कोटींना पडणार होतं. झालेल्या कामाची किंमत वेळापत्रकाशी आणि खर्चाशी ताडायची ही अर्न्ड व्हॅल्यूची पद्धत नवी नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ सालीच आपल्या ठेकेदारांना ती लावली होती. आमच्याकडे ती आधी आली असती तर मागच्या दोन कामांत हात पोळले नसते. ६१ हा आकडा ६८ च्या शेजारी ठेवेपर्यंत तोटा कोणाला दिसत नाही.

मात्र हा ६१ चा आकडा कुठून येतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. सुरुवातीचे दोन महिने मी सुपरवायझरला फोन करून टक्के विचारायचे. "मॅडम, प्लास्टर नव्वद टक्के झालं." पुढच्या महिन्यातही नव्वदच. शेवटी टेप घेऊन स्वतः गेले. खोल्या रंगकामाला तयार झाल्यासारख्या दिसत होत्या, पण जिन्याचा भाग, खिडक्यांच्या बाजू आणि बाहेरची एक अख्खी भिंत राहिली होती. चौरस मीटरमध्ये मोजलं तर ७१ टक्के. तेव्हापासून नियम केला: मापपुस्तकात चढलेलं तेवढंच झालेलं काम. दरवाजा बसवणं, टाकी जोडणं अशी छोटी कामं एकतर शून्य, नाहीतर शंभर. हा एक नियम पाळला नाही तर बाकीची शीट उघडूसुद्धा नका.

दुसरी गोष्ट क्यूब रजिस्टरची. ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) करून २८ दिवसांनी लॅबमध्ये त्यांची ताकद तपासतात, त्याची ही नोंदवही. डिचोलीच्या स्लॅबला ४२ घनमीटर काँक्रीट लागलं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, एका नमुन्याचे तीन, म्हणजे किमान बारा क्यूब. रजिस्टरमध्ये सहाच. शिवाय एका ओळीत २८ दिवसांचा निकाल लिहिलेला, पण ओतल्याची आणि तपासल्याची तारीख ताडून बघितली तर मध्ये २४ दिवस. कोणी लबाडी केली नव्हती, सोमवारी लॅबला गाडी जात होती म्हणून आधीच पाठवले. पण तो निकाल २८ दिवसांचा म्हणून धरता येत नाही. अशा गोष्टी मीटिंगमध्ये कधीच वर येत नाहीत, रजिस्टर उघडून बोट ठेवलं तरच दिसतात.

एप्रिलच्या फेरीने तर म्हापशाची साइट वाचवली. वेळापत्रकात गच्चीचं वॉटरप्रूफिंग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलं होतं. गोव्यात त्या वेळी गच्ची कोरडी मिळायची कशी? कॅलेंडरमध्ये पाऊसच धरला नव्हता, आणि गणेश चवथीचे दिवसही कामाचेच दाखवले होते. वॉटरप्रूफिंग मेमध्ये आणलं, पाणी साठवून चाचणी घेतली, एका कोपऱ्यात ओल दिसली ती दुरुस्त केली. आता बाहेर धो धो पडतोय आणि खालच्या मजल्यावर टाइल्स बसतायत.

आता उणिवा. वेळेचा तो ०.८५ सारखा आकडा काम संपत येतं तेव्हा फसवतो, कारण उशिरा का होईना सगळं काम पूर्ण झालं की तो आपोआप १ वर येतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात मी तो सोडून थेट तारखा बघते. शिवाय तो सगळी कामं एकाच तागडीत तोलतो. चिऱ्यांची कंपाउंड भिंत लवकर झाली की आकडा सुधारतो, आणि लिफ्टचा खड्डा मागे पडलेला झाकला जातो.

वेळही लागतो. एका साइटला दीड दिवस. पहिल्या फेऱ्यांत माणसं दुखावली, आणि त्यात माझी चूक होती. अहवाल थेट शेठकडे गेला, साइट इंजिनिअरला तो दुसऱ्याकडून कळला. आता प्रत्येक त्रुटी आधी त्याला दाखवते, फोटो किंवा रजिस्टरच्या पानासकट, आणि समोर कोण करणार व कधीपर्यंत हे त्याच्याच हाताने लिहून घेते. तपासणाराही बदलला. म्हापशाचा इंजिनिअर फोंडा बघतो, फोंड्याचा डिचोली. आयएसओ १९०११ या ऑडिटच्या आंतरराष्ट्रीय मानकात तपासणाऱ्याची स्वतंत्रता आणि पुराव्यावर आधारलेला निष्कर्ष ही तत्त्वं सांगितली आहेत. छोट्या ठेकेदाराला ती याच पद्धतीने जमतात, वेगळा ऑडिटर ठेवणं परवडत नाही.

एकच साइट आणि दोन-तीन महिन्यांचं काम असेल तर दरमहा नको, एकदा मध्यावर पुरेल, पण मध्यावरच करा. पैसे संपल्यावर केलेल्या तपासणीतून फक्त भांडणं निघतात. आमच्या यादीत आजवर ५३ त्रुटी चढल्या, ४४ मिटल्या. उरलेल्या नऊपैकी पाच फोंड्याच्या आहेत, आणि चवथीला कामगार गावी जायच्या आधी त्या मिटवायच्या म्हणून पुढची फेरी आठवडाभर अलीकडे घेतली आहे.