स्टीलचा बंब, आठ महिन्यांनंतर: तोटी खाली घेऊ नका

जून ते जानेवारी रोज एक भरणा, पावसाळ्यात दोन. आठव्या महिन्यात मधल्या नळकांड्याचा (ज्यात लाकूड पेटवतात) खालचा जोड सुटला आणि राखेत पाणी उतरलं. बनवणाऱ्याचं उत्तर तयारच होतं: "कोरडा पेटवला असणार." झालं होतं तसंच. पण मुळात बंब कोरडा पडू शकतो, ही चूक कोणाची?

माप नेहमीचंच. बाहेरून १४ इंच व्यास, पाण्याची उंची १४ इंच, मधे ५ इंची नळकांडं. साधारण ३० लिटर. पत्रा ३०४ ग्रेडचा, किंमत तांब्याच्या निम्म्याहून कमी. नरसाळं वर, तोटी तळाशी. सगळी रड त्या तोटीचीच आहे.

ज्या जुन्या बंबात नरसाळ्यातून गार ओतलं की तेवढंच कढत बाहेर येतं, त्याची रचना डोकेबाज असते. नरसाळ्याची नळी आत थेट तळापर्यंत जाते, बाहेर पडायची चोच मात्र वर, काठाजवळ. गार पाणी जड म्हणून खाली राहतं, कढत वर ढकललं जातं. गार ओतल्याशिवाय थेंबही मिळत नाही, म्हणजे बंब कायम भरलेला. तळाला तोटी लावली की हे सगळं पाण्यात. शेवटी अंघोळीला जाणारा तळ गाठेपर्यंत बादली भरतो, खाली निखारे तसेच, नळकांडं कोरडं तापतं. मग कोणीतरी घाईने वरून गार ओततं. जोड तडकतो तो त्या क्षणी. तांब्याच्या बंबाचे सांधे कथलाचा डाग देऊन जोडलेले असतील तर तो आधीच गेलेला असतो, कथील २३२ अंशांनाच वितळतं.

शिवाय तळाची तोटी आधी सगळ्यात गार पाणी देते. पहिली बादली कोमट, शेवटची हात भाजणारी. तक्रार केली तर म्हणे "ढवळून घ्या". बंब ढवळायचा!

आता एक कबुली. सुरुवातीचं मत होतं की स्टील उशिरा तापणार, तांबं ते तांबंच. तांबं उष्णता पंचवीसेक पट चांगली वाहतं हे खरं, पण पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असताना त्याने फरक पडत नाही. अडतं ते धुरापासून पत्र्यापर्यंत उष्णता पोचण्यात, आणि तिथे काजळी आडवी येते. नळकांडं घासलेलं असलं तर २५ अंशांचं पाणी ६० वर यायला ३०–३५ मिनिटं आणि सव्वा किलो सुकी बाभूळ पुरते. तीन आठवडे घासलं नाही की तेवढ्याच लाकडात पाणी कोमटच. ओलं लाकूड घातलं तर काजळी नुसती बसत नाही, डांबरासारखी चिकटते. ती काथ्याने निघत नाही, तारेचा ब्रश लागतो. पऱ्हाटी आणि तुराट्या भडकतात नि विझतात, दर पाच मिनिटांनी समोर बसावं लागतं. करवंट्या उत्तम, पण एकदम ओंजळभर नको.

बोअरच्या पाण्याने तळाशी क्षार धरतो. दोन महिन्यांनी एकदा कोमट पाण्यात मूठ-दोन मूठ लिंबूसत्त्व घालून रात्रभर ठेवलं की सुटतो. विस्तव न लावता.

दुरुस्ती. नुसता जोड भरून आणू नका, तो पुन्हा सुटेल. आरगॉन वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्या आणि त्याच फेरीत तोटीची जागा बदला. वरच्या काठापासून दोन इंच खाली एक इंची सॉकेट (आट्यांची जोडनळी), त्याला उघडी चोच. नरसाळ्याची नळी पाऊण इंची, तळापासून इंचभर वर संपणारी. चोच नळीपेक्षा मोठीच हवी, नाहीतर ओतलेलं पाणी नरसाळ्यातूनच उलटं येतं. नरसाळ्याचं तोंड चोचीपेक्षा चार इंच तरी उंच. तळाच्या भोकाला डमी, म्हणजे आट्यांचं बूच, फक्त धुवायला काढायची.

चोचीला कॉक बसवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. नरसाळ्याची नळी क्षाराने किंवा कचऱ्याने तुंबली आणि कॉक बंद असला, तर वाफेला वाट उरत नाही. मग तो बंब राहत नाही, बॉम्ब होतो.

या सगळ्याचे वेगळे पैसे पडले, कारण "डिझाइन बदल वॉरंटीत नाही". बरं. पण त्यानंतर पहिली बादलीही कढत येते. पेटवल्यावर चोचीतून टपटप सुरू झाली तर पुन्हा वेल्डरकडे धावू नका: ३० लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापताना अर्ध्या लिटरहून थोडं जास्तच फुगतं. खाली तांब्या ठेवा, दाढीला होतं.