बोअर मारल्याचे पैसे घेतले, बोअर ६८ चाच निघाला

कोल्हापुरात जुनी पद्मिनी किंवा अँबॅसॅडर जिवापाड जपणारी घरं अजून आहेत. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की 'रिंगा गेल्या' (म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या) असं सांगून अख्खं इंजिन काम गळ्यात मारायचा धंदा सर्रास चालतो. आमच्या बाबतीत तर काम न करताच पैसे घेतले.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर मारायची, थोड्या वेळात तो थांबायचा. पन्हाळ्याचा चढ चढताना मागं काही दिसत नसे. उतरताना मात्र पाय काढून गाडी गिअरवर सोडली आणि खाली येऊन परत अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की निळा लोट. ऑइलही सारखं टाकावं लागे. गॅरेजवाल्याला हे सगळं सांगितलं. बोनेट न उघडताच तो म्हणाला, "रिंगा गेल्यात साहेब. बोअर मारून ओव्हरसाईज पिस्टन टाकायला लागतंय." बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास; तो कापून वाढवायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा, असं ते काम.

खरं तर ही लक्षणं व्हॉल्व्ह गाईडची, म्हणजे हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) ज्या नळीत व्हॉल्व्हचा दांडा वर-खाली होतो तिची. गाईड झिजले की रात्रभरात हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरतं आणि सकाळी जळतं. उतारावर थ्रॉटल बंद असतो, त्यामुळे आत जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि गाईडमधून ऑइल ओढलं जातं. पुन्हा पाय दिला की तेच निळं होऊन बाहेर पडतं. रिंगा गेलेलं इंजिन चढावर, लोडवर धूर सोडत राहतं, आणि ऑइलचं झाकण उघडलं तर आतून भकाभका वाफारे येतात. (काळा धूर असेल तर आधी चोक आणि कार्बोरेटर बघा. थंडीतली सकाळची पांढरी वाफ निघून जाते. ती टिकली आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा.)

गाडी परत मिळाली तेव्हा धूर खरंच कमी होता. बिलावर एकच ओळ, 'इंजिन काम', आणि खाली मोठी रक्कम. सोबत पिशवीत जुन्या रिंगा, 'तुमच्याच गाडीच्या'. वडिलांनी ती पिशवी डिकीत ठेवली. पुढच्या वेळी ऑइल बदललं तेव्हा आतून निघालेलं ऑइल नेहमीच्या २०डब्ल्यू-५० ग्रेडपेक्षा कितीतरी जाड होतं; धूर त्यानंच दबला होता. साधं ऑइल भरलं आणि धूर पहिल्यासारखा सुरू.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. फिएटवर हात बसलेला माणूस. त्यांनी प्लग काढून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा किती दाबली जाते ते) मोजलं, मग प्रत्येकात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं. रिंगा खराब असत्या तर दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वर गेला असता. तो जवळपास तिथंच राहिला. "तळ ठीक हाय, हेड उतरवूया," म्हणाले.

हेड उतरवल्यावर पिस्टनच्या डोक्यावर वर्षानुवर्षांचा कार्बन. तो खरवडला, तर ओव्हरसाईज पिस्टनवर कोरलेला असतो तो नंबर कुठंच नाही. बोअरिंगवाल्याला बोलावून गेज लावला: ६८ मिलिमीटर, कंपनीचाच बोअर, किरकोळ झीज सोडली तर. नवीन बोअर मारल्याच्या तिरप्या रेघाही नाहीत. एवढ्यात वडिलांना डिकीतली पिशवी आठवली. मिस्त्रींनी त्यातली एक रिंग दाबून बोअरमध्ये बसवायला घेतली. टोकं एकमेकांवर चढली तरी ती आत जाईना. "ही अँबॅसॅडरची, दादा. तिचा बोअर ७३ चा." वडील काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पैशापेक्षा तो विश्वासघात जास्त लागला.

व्हॉल्व्ह गाईडमध्ये डुगडुगत होते. गाईड बदलले, व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती सीट कापून लॅपिंग केलं, म्हणजे घासून व्हॉल्व्ह घट्ट बसवले. खर्च आधीच्या बिलाच्या चौथाईलाही पोचला नाही. धूर बंद झाला.

तुमच्याकडं कुणी बोअर मारायचं म्हणालं, तर आधी सुकं आणि ओलं (ऑइल टाकून) कॉम्प्रेशन समोर मोजून घ्या. बोअरिंगवाल्याचं वेगळं बिल मागा. हेड बसवण्याआधी पिस्टनवरचा नंबर स्वतः बघा, फोटो काढा. काढलेले पिस्टनसुद्धा परत मागा, नुसत्या रिंगा नकोत. फसवणूक झालीच असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. आम्ही बिल, बोअरिंगवाल्याचं मोजमाप आणि ती रिंगांची पिशवी घेऊन तेच करतोय.