डीबी बदलून नऊ महिने: पंपाच्या एका एमसीबीवर वाचवलेले ३०० रुपये

जुलैच्या एका आठवड्यात आमच्या घरची वीज अकरा वेळा गेली. शेजाऱ्यांकडे दिवे चालू असायचे, अंधार फक्त आमच्याकडे. मार्चमध्ये नव्या डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या बोर्डात, बसवलेली आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत होती. साडेसोळा हजार खर्चून जुना बोर्ड काढला तो सुरक्षिततेसाठी, आणि भर पावसात आई मेणबत्ती घेऊन डीबीखाली उभी. फ्रीजरमधली सुंगटं (कोळंबी) दोनदा टाकून द्यावी लागली. तेव्हा लिहिलं असतं तर 'या भानगडीत पडू नका' असंच लिहिलं असतं. आज डिसेंबरात माझं मत नेमकं उलट आहे.

आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, चिऱ्यांचं, कौलारू. वायरिंग १९८६चं. लाकडी फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, आत अॅल्युमिनियमच्या वायरी. फ्यूज उडाला की बाबा हाताला लागेल ती तार गुंडाळायचे. त्याच फळीवर पुढे दोन किलोवॅटचा गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि विहिरीवरचा एक एचपीचा पंप चढला. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मशीनला हात लावला की आईच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. ती कोरडं फडकं धरून झाकण उघडायची आणि कुणाला सांगत नव्हती. हे कळलं त्याच संध्याकाळी बोर्ड बदलायचं ठरवलं.

सामान नेहमीचंच: बारा वेची (स्विचच्या जागांची) पत्र्याची डीबी, मेन आयसोलेटर (सगळी वीज बंद करणारा मुख्य स्विच), ४० अँपिअरची ३० मिलिअँपिअरवाली आरसीसीबी, सहा एमसीबी (जादा करंट आला की आपापलं सर्किट तोडणारे स्विच). तांब्याच्या नव्या वायरींचा खर्च वेगळा. पत्र्याच्या दाराचा रंग पहिल्या पावसात बिजागरीपाशी उडालाय, पण त्याची तक्रार करत बसणार नाही.

अर्थिंगबद्दल मात्र सविस्तर सांगतो. आमच्याकडे हातभर मातीखाली जांभा लागतो. पाइप पुरायला माणसांना दीड दिवस लागला. एवढं करूनही एप्रिलच्या कोरड्या जमिनीत रेझिस्टन्स ४० ओहमच्या वर, पावसात २०च्या आसपास. आता गणित करा. मशीनच्या पत्र्याला फेज लागला तर २३० व्होल्ट भागिले २० ओहम, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाणार. १६ अँपिअरची एमसीबी त्यावर पडणारच नाही. पत्रा तसाच जिवंत राहणार. 'अर्थिंग केलंय, एमसीबी आहेत, मग आरसीसीबी कशाला?' असं विचारणाऱ्यांना मी हेच गणित मांडून दाखवतो. जांभ्याच्या जमिनीत माणसाला वाचवणारी वस्तू आरसीसीबी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते.

आता माझी चूक. सामान घेताना दुकानदाराने विचारलं होतं, 'विहिरीवरच्या पंपाला डबल पोल देऊ?' डबल पोल एमसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडते. फरक साधारण ३०० रुपयांचा. मी नको म्हणालो. सगळ्या सिंगल पोल घेतल्या.

जुलैत ट्रिपिंग सुरू झालं तसं ज्याने काम केलं त्या वायरमनला बोलावलं. त्याने एकेक एमसीबी खाली केली. पंपाची खाली केली तरी आरसीसीबी पडतेच, म्हणून पंप निर्दोष. गीझर लावला की हमखास पडते, म्हणून गीझर दोषी. ८५० रुपये देऊन एलिमेंट बदललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा अंधार, आणि या वेळी गीझर बंदच होता. मग सगळ्या एमसीबी खाली करून पाहिलं, तरीही आरसीसीबी टिकेना. त्याचा निष्कर्ष: पीसच खराब. 'कांयच जावचें ना, डायरेक्ट करून दितां,' म्हणाला. म्हणजे काही होत नाही, आरसीसीबी काढून वायर सरळ जोडून देतो. आई मध्ये पडली नसती तर मी हो म्हटलं असतं. दुकानदाराने पीस बदलून द्यायला नकार दिला, 'लीकेज घरात आहे' म्हणाला, आणि मी त्याच्याशी तावातावाने भांडून आलो. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात जाऊन मी त्याची माफी मागितली.

खरं कारण शोधलं ते गावातल्या एका काकांनी. त्यांची सगळी नोकरी खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. त्यांनी मेन बंद केला, न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल एकत्र जोडलेल्या पट्टीवरून) प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल सोडवला आणि मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला. बाकी सगळी सर्किटं ठीक, पंपाच्या न्यूट्रलला मात्र काटा शून्याशी चिकटला. विहिरीकडे जाणाऱ्या केबलला एक जोड होता, नुसती टेप गुंडाळलेला, आणि तो पावसाच्या पाण्यात बुडाला होता. न्यूट्रल जमिनीला टेकला होता.

सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल लिंकला जोडलेलाच राहतो. त्यामुळे पंपाची एमसीबी खाली केली तरी त्याचा ओला न्यूट्रल सर्किटात होताच. गीझर लावला की परतीच्या करंटातला थोडा भाग त्या ओल्या जोडातून जमिनीत जायचा. संध्याकाळी वस्तीत लोड वाढला की लाइनच्या न्यूट्रलवरच दोन-चार व्होल्ट चढतात, तेव्हा आमच्या घरातलं काहीही चालू नसताना तेवढ्यावर गळती व्हायची. जाणारा आणि येणारा करंट जुळला नाही की आरसीसीबी पडते, तिचं कामच ते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकते. ती आठवडाभर खरं सांगत होती आणि आम्ही तिलाच काढायला निघालो होतो.

त्या जागी डबल पोल असती तर पंपाची एमसीबी खाली करताच ट्रिपिंग थांबलं असतं आणि पाच मिनिटांत दोष सापडला असता. ३०० रुपये वाचवले. गीझरचं एलिमेंट, सुंगटं, वायरमनच्या दोन खेपा आणि आईची सात दिवसांची झोप गेली. म्हणून माझा आग्रह आहे: घराबाहेर जाणारं प्रत्येक सर्किट, मग तो पंप असो, अंगणातला दिवा असो की गोठा, डबल पोलवर घ्या. आणि 'सगळ्या एमसीबी पाडल्या तरी आरसीसीबी पडते, म्हणजे तीच खराब' असं कुणी सांगितलं तर आधी न्यूट्रल सोडवून तपासायला लावा. डायरेक्ट करू देऊ नका.

आरसीसीबीवर सगळा भार टाकूनही चालत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर तिला काही कळत नाही. तिचं टेस्ट बटणही फक्त आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नव्हे. आमच्याकडे आई दर संकष्टीला सकाळी ते दाबते, म्हणजे महिना चुकत नाही. अर्थिंग काका मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून देणार आहेत.

पंपाला डबल पोल बसली. केबल सलग घेतली, मध्ये एकही जोड नाही. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीभोवती, दिव्यांच्या माळा लावल्या, पाचही दिवस बाहेर पाऊस होता, आरसीसीबी एकदाही पडली नाही. विजांपासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्शन मार्चमध्ये महाग म्हणून टाळलं होतं. मे महिन्यातल्या गडगडाटाआधी ते बसवून घेणार आहे. आणि आई आता मशीनचं झाकण फडक्याशिवाय उघडते.